कोणाच्या हाकेला उठावे?

(पाठासाठी वाचन : १ शमुवेल ३:१-१०; लूक ११:५-८)

हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागील गल्लीत एका घरी दर शनिवारी संध्याकाळी आम्हां मराठी कुटुंबांची लहानशी प्रार्थनासभा भरते. दहाबारा माणसे असतात. बहुतेक रेल्वे वर्कशॉपच्या नोकरीनिमित्त दोन-तीन पिढ्यांपूर्वी या गावी आलेल्यांची मुलेनातवंडे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आरंभी या सभेत एक नवीनच वाद्य वाजू लागले. ते म्हणजे घरच्या मावशींचा मोबाईल फोन. (त्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही, सर्वजण त्यांना मावशीच म्हणतात.) शास्त्रभाग वाचावयास घेतला की टिंग. प्रार्थनेसाठी डोळे मिटले की टिंग, टिंग. कोणी विनातारण कर्ज देऊ करतो, कोणी साड्यांवर निम्मी सूट. कोणी कन्नडात बोलतो, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत. एक तर तासातासाला सांगे की, तुमच्या फोनमध्ये विषाणू शिरला आहे, ताबडतोब येथे दाबा. मावशींचे वय एकाहत्तर. प्रत्येक वेळी त्या चष्मा शोधीत, फोन डोळ्यांजवळ नेत, आणि ओशाळून तो पुन्हा पदराखाली झाकीत.

एका शनिवारी आम्ही त्यांना सल्ला दिला. सभा चालविणाऱ्याला सल्ला देण्याची सवय लवकर लागते. आम्ही त्यांचा फोन हातात घेतला, कडेची कळ दाबून आवाज पार खाली नेला आणि म्हणालो, "घ्या मावशी, कटकट मिटली." सर्वांना बरे वाटले. त्यानंतरच्या सभा अगदी शांततेत पार पडल्या, आणि त्याचे थोडे श्रेय आम्ही मनातल्या मनात स्वतःकडे घेतले, हेही येथे कबूल केले पाहिजे.

सप्टेंबरातील एका रात्री बेळगावात मावशींच्या धाकट्या बहिणीला अकस्मात दवाखान्यात न्यावे लागले. भाच्याने रात्री सव्वाअकरापासून पहाटे पावणेपाचपर्यंत अकरा वेळा मावशींना फोन केला. शेजाऱ्यांपैकी कोणाचा क्रमांक त्याच्याजवळ नव्हता. फोन मावशींच्या उशाशीच होता, आणि मुका होता. बेळगाव आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. गाडी मिळाली तर दोन तासांची वाट. बहीण शुद्धीवर होती, दोनदा "ताई निघाली का?" म्हणून विचारीत होती. पाचच्या सुमारास ती प्रभूकडे गेली. मावशींनी सकाळी सहाला चष्मा लावून फोन पाहिला, तेव्हा ते अकरा चुकलेले फोन कर्जाच्या आणि साड्यांच्या जाहिरातींच्या मध्ये एका ओळीत दबून बसले होते.

आम्ही भेटावयास गेलो. मावशींनी आम्हांस दोष दिला नाही. बराच वेळ गप्प बसून त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही म्हणालात तशी शांतता मात्र झाली." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर आम्हांस सोपे गेले असते.

हा पाठ त्या वाक्यातून निघाला आहे. आम्ही केलेली चूक वाचकांपैकी अनेकांनी केली असेल, किंवा उद्या कराल. नको असलेल्या घंटांनी माणूस इतका गांजतो की तो सगळ्याच घंटा बंद करतो. निदान त्यांच्याकडे लक्ष देणे सोडतो. मग जी हाक खरोखर त्याच्यासाठी असते, तीही त्या ढिगाखाली जाते.

प्रथम, इतक्या घंटा येतात कोठून हे समजून घेऊ. जुन्या वाचकांना तारेची आठवण असेल. दारात तारवाला दिसला की घरातील बायका रडू लागत. पुढे कळे की मुलाला नोकरी लागली आहे. तार आली की माणूस जेवणावरून उठे. का? तार पाठविणाऱ्याला दर शब्दाला पैसे मोजावे लागत. त्यामुळे कोणी उगाच तार करीत नसे, आणि म्हणूनच घेणारा तिच्यावर विश्वास टाकी. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर दुसरीच व्यवस्था येऊन बसली होती. ॲपल कंपनीने २००९ साली आपल्या फोनवर अशी सोय केली की ॲप उघडलेले नसतानाही त्याची सूचना पडद्यावर येऊन वाजावी. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड फोनांतही ती आली, आणि २०१५ पासून क्रोम या ब्राउझरमधून नुसत्या संकेतस्थळांनाही ती मुभा मिळाली. मुले यालाच नोटिफिकेशन म्हणतात. अशी सूचना एकाला पाठविण्यास जो खर्च, जवळजवळ तोच एक लाख लोकांना पाठविण्यास. म्हणजे दार ठोठावण्याची किंमत ठोठावणाऱ्याने द्यावयाची, ती आता उठून दार उघडणाऱ्याच्या माथी आली. तो ती आपल्या वेळाने, झोपेने आणि लक्षाने भरतो.

ही किंमत खोटी नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाग्रतेचे काम करीत असलेल्या माणसांच्या फोनवर त्यांनी मध्येच फोन किंवा संदेश पाठविले. ज्यांनी फोनला हातही लावला नाही, त्यांच्याही कामात चुका वाढल्या. नुसती चाहूल पुरे होते. मन उठून दारापर्यंत जाऊन येते.

बेळगावच्या त्या घटनेनंतर आम्हांस स्वस्थ बसवेना. लॅमिंग्टन रोड हे नाव मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे. ते १९०३ ते १९०७ या काळात गव्हर्नर होते, आणि हुबळी तेव्हा त्याच इलाख्यात होती. मुंबईतही त्याच नावाचा रस्ता आहे. त्याचे आजचे नाव डॉ. भडकमकर मार्ग असले तरी विजेच्या नि संगणकाच्या सामानासाठी लोक त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. त्या काळी साहेबाच्या बंगल्यावर जाणाऱ्याला आपल्या नावाचे कार्ड आत पाठवून व्हरांड्यात थांबावे लागे. आत घ्यावयाचे की नाही हे साहेब ठरवी. आज आमच्या मावशींच्या घरात कोणीही कार्डावाचून थेट झोपण्याच्या खोलीपर्यंत येतो. असो.

तर या रस्त्यावर मोबाईल दुरुस्त करणारा एक तरुण बसतो. मावशींना घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो आणि सांगितले, हे सगळे बंद करून दे. त्याने फोन पाहिला आणि मावशींकडे वळून कन्नडात म्हणाला, "पूर्ती बंद माडब्याड्री, अज्जी." सगळे बंद करू नका, आजी. मग तो म्हणाला, "आधी कोण वाजवतोय ते बघू." जी गोष्ट आम्ही पदविकेच्या अभ्यासातही शिकलो नव्हतो, ती त्या मुलाने स्टुलावर बसून वीस मिनिटांत शिकविली. ती येथे सविस्तर देतो, कारण पुष्कळ घरांत तिची गरज आहे.

त्याच्या सांगण्याप्रमाणे फोनला तीन दारे आहेत आणि तीनही दारांच्या कड्या निरनिराळ्या. आपण एका दाराची कडी लावतो आणि दुसऱ्या दारातून लोक आत येतात, म्हणून चिडतो.

एक दार टेलिफोन कंपनीचे. एसएमएस आणि साधे फोन यातून येतात. त्याची कडी सरकारने केलेली आहे. इंग्रजी अक्षरांत "स्टार्ट ०" लिहून १९०९ या क्रमांकावर पाठविले की जाहिरातींचे संदेश व फोन थांबविण्याची नोंद होते. याच क्रमांकावर फोन करूनही ती करता येते. बँकेचे व्यवहाराचे संदेश मात्र यानंतरही येत राहतात, आणि ते यावयासच हवेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१८ साली याविषयी नवे नियम केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते अधिक कडक केले. आता संदेश पाठविणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक इंग्रजी अक्षर असते : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. हे एक अक्षर पाहण्यास शिकले तरी निम्मा त्रास कमी होतो. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. साध्या दहा आकडी क्रमांकावरून कोणी विक्रीचा फोन केला, तर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. पूर्वी ही मुदत तीनच दिवसांची होती, आणि तक्रार कशी करावी हे कळेपर्यंतच ती संपून जाई.

दुसरे दार ॲपचे. १९०९ ची कडी येथे चालत नाही, कारण या सूचना इंटरनेटवरून येतात. हे ठाऊक नसल्यामुळेच पुष्कळ लोक म्हणतात की नोंद करूनही काही उपयोग झाला नाही. येथे कडी फोनमध्येच आहे. नकोशी सूचना आली की ती घाईने बाजूला सारावयाची नाही. तिच्यावर बोट दाबून ठेवावयाचे. मग ती कोणत्या ॲपची आहे हे दिसते आणि तेथेच ती बंद करता येते. २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून नवे ॲप सूचना पाठविण्यापूर्वी परवानगी मागते. त्या वेळी नाही म्हणावयास संकोच करू नये. आमच्या मराठी माणसाला दारी आलेल्याला नाही म्हणणे जड जाते. परंतु येथे दारी माणूस नसतो.

तिसरे दार संकेतस्थळांचे, आणि मावशींचा खरा घात येथेच झाला होता. त्या एका गीताचे शब्द शोधीत असताना कुठल्याशा पानावर एक चौकट आली. "अलाऊ" दाबल्याशिवाय पान उघडणार नाही असे समजून त्यांनी ते दाबले. विषाणूची ती भीती तेथून येत होती. फोनमध्ये विषाणू नव्हताच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन असे लिहिलेल्या ठिकाणी अशा स्थळांची यादी असते. मावशींच्या यादीत चौदा नावे निघाली. त्यांतील एकही त्यांना ओळखीचे नव्हते. त्या मुलाने चौदाही काढावयास लावली, स्वतः काढून दिली नाहीत. "अज्जी, तुमच्या बोटाने काढा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत याल."

मग शेवटी त्याने जे केले ते आमच्या कायमचे ध्यानात राहिले आहे. फोनमध्ये "डू नॉट डिस्टर्ब" नावाची सोय असते. ती चालू केली की फोन गप्प राहतो. परंतु ज्यांची नावे आपण तारा लावून निवडली आहेत, त्यांचा फोन वाजतोच. त्याने मावशींना विचारले, "रात्री दोन वाजता कोणासाठी उठाल?" मावशींनी पाच नावे सांगितली. पाचवे भाच्याचे होते. ते सांगताना त्यांचा आवाज फिरला. याच सोयीत आणखी एक खूण आहे : एकच क्रमांक पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा आला, तर तो अनोळखी असला तरी फोन वाजू द्यावा. लूकच्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री भाकरी मागावयास आलेला शेजारी दार लावलेले असूनही पुन्हा पुन्हा ठोठावतो, आणि त्या आग्रहामुळेच आतील माणूस उठतो. ही सोय ज्याने केली त्याने तो अध्याय वाचला होता की नाही, देव जाणे.

कायद्याविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. कित्येकांना वाटते की आपण म्हातारे झालो, आपल्याला जमत नाही, दोष आपलाच. तसे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला भुलविणाऱ्या तेरा युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत एक युक्ती आहे नॅगिंग, म्हणजे आपल्याकडील शब्दात भुणभुण. आणि तिच्या उदाहरणांत, नाही म्हणण्याची सोय न ठेवता सूचना चालू करा म्हणून सतत विचारीत राहणे, हे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे मावशींना जो त्रास झाला त्याला सरकारी कागदावर नाव आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर अशी तक्रार नोंदविता येते. कागदावर नाव असल्याने भुणभुण थांबली असे मात्र कोणी समजू नये.

आता शास्त्रभागाकडे वळू. शमुवेलाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत पहिल्यापासून सांगत आलो आहोत, पण तीत एलीने काय केले इकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. एलीची दृष्टी मंद झालेली आहे. रात्री मुलगा धावत येतो आणि म्हणतो, तुम्ही मला हाक मारली. एलीने मारलेली नाही. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. झोपमोड झालेल्या म्हाताऱ्याने काय म्हणावे? आम्ही असतो तर म्हणालो असतो, कानात बोळे घाल आणि नीज. आम्ही मावशींना तेच म्हणालो होतो. एली रागावत नाही आणि मुलाचे उठणेही मोडीत नाही. तिसऱ्या खेपेस त्याला उमजते की हाक खरी आहे, मुलगा फक्त चुकीच्या माणसाकडे धावतो आहे. आणि ती पुन्हा आली तर काय उत्तर द्यावे, हे तो त्याला शिकवून परत पाठवितो. शमुवेलाजवळ हाकेसरशी उठणारे मन होते. ते मोठे धन आहे. दिवसाला शंभर खोट्या हाका मारून हे मन बोथट करणे, ही या साऱ्या प्रकारातील खरी हानी आहे असे आमचे मत झाले आहे.

दुसऱ्या बाजूनेही याला पुष्टी मिळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३७ जणांचे गट करून काहींच्या सूचना दिवसातून तीन ठराविक वेळीच एकत्र पोहोचविल्या, तर काहींच्या अजिबात बंद केल्या. तीन वेळांच्या गटाचे चित्त अधिक स्थिर राहिले. ज्यांच्या पूर्ण बंद केल्या ते मात्र उलट अस्वस्थ झाले. काही राहून तर गेले नाही ना, ही चिंता त्यांना लागली. दुरुस्तीवाल्या तरुणाने हा प्रयोग वाचला असण्याचा संभव नाही.

येथवर आम्ही कंपन्यांविषयी लिहिले. ते सोपे होते. आता मंडळीविषयी लिहावयाचे आहे. मावशींच्या फोनवर त्या रात्री आलेल्या सूचना आम्ही मागाहून त्यांच्या परवानगीने मोजल्या. रात्री नऊ ते सकाळी सहा, एकंदर त्रेपन्न. त्यांतील एकवीस कर्ज, साड्या वगैरेंच्या होत्या. उरलेल्या बत्तीस आपल्याच लोकांच्या होत्या. गुलाबाच्या चित्रावर वचन; उगवत्या सूर्यावर शुभ प्रभात; एकाच आजारी माणसासाठी विनंती चार गटांतून चार वेळा, आणि तिच्याखाली सोळा जोडलेले हात. त्या बत्तिसांत तीन आमच्या होत्या. जानेवारी २०१८ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने बातमी दिली होती की भारतातील फोन वारंवार भरून का जातात याचा शोध गूगलचे लोक घेत होते, तेव्हा शुभ प्रभातीची चित्रे त्यांना सापडली. आम्ही ती वाचून हसलो होतो.

वचन पाठविणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. परदेशी असलेल्या मुलाच्या आईला सकाळचा एक संदेश किती आधार देतो, हे आम्ही पाहिले आहे. परंतु ती आई त्या मुलाला ओळखते, आणि त्याने तो तिच्यासाठी पाठविलेला असतो. दोनशे माणसांच्या गटात पहाटे पाचला टाकलेले चित्र कोणासाठी असते? आमच्या सभेने तूर्त एवढे ठरविले आहे की गटात रात्री नऊ ते सकाळी सात कोणी काही टाकावयाचे नाही. आणि आजार, अपघात, मृत्यू यांची वार्ता गटात न टाकता फोन करून सांगावयाची. दोघांना हा नियम कडक वाटला व त्यांनी गट सोडला. त्यांची समजूत घालणे चालू आहे.

शिक्षकांसाठी थोडे. लहान मुलांच्या वर्गात एका मुलाचे डोळे बांधावे आणि बाकीच्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांतून त्याला हाका माराव्या. त्याने फक्त ठरलेल्या एका आवाजाकडे जावयाचे. आधी हाका सावकाश, मग सर्व एकदम. मुले फार हसतात, आणि गोंगाटात तो मुलगा जागीच उभा राहतो. तेथे थांबून त्याला विचारावे, तू का थांबलास? त्याचे उत्तर हाच पाठ. मोठ्या मुलांना घरचे काम द्यावे : आजी-आजोबांजवळ बसून त्यांच्या फोनची तिन्ही दारे तपासणे. मात्र फोन हिसकावून घेऊन दोन मिनिटांत करून टाकावयाचा नाही. बोट आजीचेच असावे, आणि रात्री कोणासाठी उठाल हा प्रश्न विचारल्यावाचून उठू नये. त्या प्रश्नावर आजी जी नावे सांगतात, त्यांत आपले नाव आहे की नाही हे ऐकावयास मुले कान टवकारतात, असा आमचा अनुभव आहे. सरकारची आपत्तीची घंटा मात्र कोणी बंद करू नये. २०२३ साली तिच्या चाचणीच्या वेळी सर्वांचे फोन एकदम किंचाळले आणि लोक दचकले; पण पुराची वार्ता त्याच वाटेने येणार आहे.

गेल्या शनिवारी आम्ही हाच शास्त्रभाग सभेत घेतला. शमुवेल दुसऱ्यांदा उठला आहे तेथवर वाचन आले, आणि पदराखाली फोन वाजला. सर्वांनी आमच्याकडे पाहिले. मावशींनी चष्मा शोधला नाही; भाच्यासाठी त्या मुलाने वेगळी घंटा लावून दिली आहे. त्या उठल्या आणि बाहेर ओट्यावर गेल्या. बहिणीच्या नातीचे बारसे ठरले होते. आम्ही बोट त्याच ओळीवर ठेवून थांबलो होतो.